हिल्डेची दुसरी फुली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, सांगलीच्या बहिणीला फोनवर नाही. आमचे हे तेव्हा हयात नव्हते, पण असते तरी त्यांनाही सांगितलं नसतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर ओळखीचं माणूस असतं तर मी चहा टाकायला उठले असते आणि विषय तिथेच राहिला असता.

माझ्या फ्रिजवर एक फोटो आहे. मी जाड कोट घालून शाळेच्या दारात उभी आहे, हसतेय. मतदान करून बाहेर आले तेव्हाचा. मुलाने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आईचं पहिलं मत, वय वर्षं सत्याहत्तर." सगळ्यांनी फुलं पाठवली, टाळ्या पाठवल्या. नातीने जर्मनमध्ये लिहिलं, आजी, तू भारी आहेस.

त्या ओळीतला एक शब्द खोटा आहे. तोच सांगायला बसलेय — पण सरळ सांगता येत नाही, बघा. दरवेळी सुरुवात करायला जाते आणि आधी हिल्डेच आठवते.

मी चौथी शिकलेली बाई. जर्मनीतल्या आखनला येऊन पन्नास वर्षं झाली. हे इथल्या कारखान्यात फिटर होते. तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, समोरच्या दारात हिल्डे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, नवऱ्याला सोडलेली, एक मुलगी — बिर्गिट. आमच्या इमारतीत जिना पुसायची पाळी असते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक पाटी अडकवतात. मी आले त्या आठवड्यात ती पाटी आमच्या दाराला लागली. मला वाटलं काहीतरी जाहिरात आहे. मी ती आत नेऊन कपाटात ठेवली. शनिवारी हिल्डे बादली घेऊन दारात. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. तिने एक फडकं माझ्या हातात दिलं, एक स्वतः घेतलं, आणि आम्ही दोघींनी वरपासून खालपर्यंत जिना पुसला. एक शब्द न बोलता. खाली पोचल्यावर तिने माझी पायरी परत पुसून दाखवली — कोपरा राहिला होता.

अशी होती. माझ्या बाळंतपणाच्या वेळेला हे कारखान्यात पाळीवर होते, तेव्हा टॅक्सी तिनेच बोलावली, दवाखान्यात तीच बसली. नितीन झाला तेव्हा त्याला माझ्याआधी तिने हातात घेतलं. मला ती झुमान म्हणायची. सुमन तिला कधी जमलं नाही आणि मी कधी सुधारलं नाही.

ती चांगली होती. हे आधीच सांगून ठेवते. पुढे तिचं एक बोलणं येईल आणि तेवढ्यावरून तुम्ही मला सूट द्यायला बघाल. देऊ नका.

हिल्डे एकही मतदान चुकवायची नाही. इथे मतदान रविवारी असतं. ती निळा कोट घालायची, ओठांना रंग लावायची आणि कोपऱ्यावरच्या शाळेत जायची. मी सोबत. शाळेबाहेर एक लाकडी बाक आहे, मी तिथे बसायची. ती आत, मी बाकावर. मग आम्ही जाऊन केक खायचो. किती वर्षं? नितीन दुपट्यात होता तेव्हापासून त्याचे केस पिकेपर्यंत. कधी आत ये म्हणाली नाही, मीही गेले नाही. आत जाऊन मी काय करणार होते? मला मत नव्हतं. हे म्हणायचे, पासपोर्ट बदलायचा नाही, मरेन तर भारताचाच म्हणून मरेन. आणि तसेच गेले. मला कुणी विचारलं नाही, तू कुठली म्हणून मरणार. भारतातलंही मत मी कधी दिलं नव्हतं — लग्न होऊन इथे आले तेव्हा यादीत नाव लागायचं होतं, ते राहूनच गेलं.

तर ती निवडणूक. आपल्याकडे मुख्यमंत्री, तसा इथे प्रत्येक राज्याला मिनिस्टरप्रेझिडेंट असतो. त्या वर्षी एक बाई आणि एक चष्मेवाला अशी लढत होती. बाई आधीपासून खुर्चीवर होती. हिल्डे बाईच्या बाजूची. अगदी कट्टर. बाईचा फोटो छापलेलं कार्ड तिने आरशात खोचून ठेवलं होतं. बिर्गिट चष्मेवाल्याच्या बाजूची. ती तिकडे बाड हॉम्बुर्गला राहायची, तिथे राज्य वेगळं, म्हणजे ह्या निवडणुकीत तिलाही मत नव्हतं. पण भांडायला मत लागतं थोडंच! महिन्यातून दोन शनिवार यायची, आणि आली की मायलेकींचं ह्याच्यावरून सुरू. बिर्गिट म्हणायची, मामा — इथे आईला मामा म्हणतात — तुझी बाई नुसती हसते. हिल्डे म्हणायची, आणि तुझ्या चष्मेवाल्याला हसता येत नाही, दात भाड्याने आणलेत. मग दोघी हसायच्या. तोपर्यंत हसायच्या.

दोघांची टीव्हीवर समोरासमोर चर्चा झाली, ती आम्ही तिघींनी एकत्र बघितली. मी भजी केली होती. म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला माणसं मिळत नाहीत, त्याचं काय करणार, असं निवेदकाने दोघांना विचारलं. बाईने स्वतःच्या आजीची गोष्ट सांगितली. छान सांगितली, हिल्डेने डोळे पुसले. चष्मेवाला म्हणाला, सगळं कसं जमेल हे मला आज सांगता येणार नाही, पण कुठून सुरुवात करायची ते सांगतो. आणि सांगितलं.

मला तो बरा वाटला. हिल्डेने बिर्गिटला विचारलं, कसा वाटला? बिर्गिटने हिल्डेला विचारलं, बाई कशी वाटली? मला कुणी विचारलं नाही. मी भज्यांची ताटली पुढे केली.

हिल्डेची नजर तोवर गेली होती. म्हणजे पूर्ण नाही. मधलं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. माणूस दारात आला की कळायचं, तोंड कळायचं नाही. अक्षर तर नाहीच. अंधांसाठी मतपत्रिकेवर ठेवायचा भोकांचा पुठ्ठा मिळतो, पण तो मागवणं म्हणजे आपण आंधळे झालो हे कबूल करणं, ते तिला नको होतं. शाळेत कुणाचा हात धरून जाणंही नको. मग पोस्टाने मत द्यायचं ठरलं. कागद घरी आले. आता ते भरणार कोण? कायद्याने दुसऱ्याकडून भरून घेता येतं. भरणाऱ्याने खाली सही करायची, शपथेवर, की मतदाराने सांगितलं तसंच भरलं.

बिर्गिट म्हणाली, "मी भरते की. तू सांगशील तसं."

"तू? तू माझ्याच हाताने तुझ्या चष्मेवाल्याला निवडून आणशील."

बिर्गिट हसली. तिला थट्टा वाटली.

"मी थट्टा करत नाहीये," हिल्डे म्हणाली. "झुमान भरेल. तिला मत नाही, तिला पक्ष नाही, तिला त्यातलं काही कळत नाही. म्हणून तिच्यावर विश्वास टाकता येतो."

मी तिथेच होते. कपबशा विसळत होते. बिर्गिटने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की अगं, पोटची पोर आहे, तिलाच भरू दे. नाही म्हटलं. का नाही? खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. मुलीला सोडून मला निवडलं म्हणून बरं वाटलं. आणि "काही कळत नाही" हे लागलंही होतं. एकाच वाक्याने दोन्ही झालं. पण मी बशी पुसत राहिले.

तीन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, हिल्डेच्या स्वयंपाकघरात आम्ही ते भरायला बसलो. टेबलावर मेणकापड, त्यावर मतपत्रिका पसरलेली. लांबलचक कागद. दोन फुल्या करायच्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडची आपल्या भागातल्या माणसाला, उजवीकडची पक्षाला. उजवीकडचीच खरी जोराची, तिच्यावरून राज्य कुणाचं ते ठरतं. हे मला हिल्डेनेच कितीदा समजावून सांगितलं होतं, केक खाताना. मी डावीकडची नावं एकेक वाचून दाखवली. मला छापील जर्मन वाचता येतं, हळू, बोट ठेवून, पण येतं. दुकानांची पत्रकं वाचून शिकलेय. तिने नाव सांगितलं, मी फुली केली. बरोबर केली. ती पहिली फुली तिचीच आहे, हे मी आजही सांगू शकते.

मग उजवीकडे आले.

"आता बाईचा पक्ष," हिल्डे म्हणाली. "दिसला?"

"या," मी म्हटलं. इथल्या भाषेत या म्हणजे हो. दिसला होता.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. खुशीत होती. म्हणाली, "बघ, किती सोपं असतं. तुला कधी हे करायला मिळालं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस हं, झुमान. सगळ्यांनाच झेपतं असं नाही. तुझ्यासारखीला मत नसलेलंच बरं, डोक्याला ताप नाही."

एवढंच. मायेनेच म्हणाली. माझ्या हातावर थोपटलं आणि कॉफीचा घोट घेतला.

माझं पेन बाईच्या पक्षाच्या गोलावर होतं. मी ते एक ओळ खाली नेलं. आणि फुली केली. दाबून केली.

रागाने केलं असं म्हटलं तर मला सोपं जाईल. राग आला होता, हो. पण हात रागाने हलला नाही. सुई ओवताना हलतो तसा हलला, सावकाश, नीट. मी काय करतेय ते मला पुरतं ठाऊक होतं. आणि — हे लिहायला जड जातंय — मला आनंद झाला. इतकी वर्षं बाकावर बसले होते. आता आत जाऊन आले असं वाटलं.

"झालं?"

"या."

"दाखव. कुठे केलीस?"

तिने बोट पुढे केलं. आता सांगा, मी काय केलं असेन? मी तिचं बोट धरलं आणि त्या फुलीवर ठेवलं. माझ्या फुलीवर. पेन दाबून चालवलं होतं, कागदावर चर उमटला होता. तिने त्यावरून बोट फिरवलं, एकदा असं, एकदा तसं, आणि मान हलवली. "छान," म्हणाली. "ठळक आहे."

मग सही. शपथेचं वाक्य मी पूर्ण वाचलं. वाचता आलं नाही, कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. मोठं वाक्य होतं, वेळ लागला, पण कळलं. खाली मी मराठीत सही केली, पासपोर्टवर आहे तशी. मतपत्रिका आतल्या पाकिटात, ते पाकीट आणि सहीचा कागद बाहेरच्या लाल पाकिटात. हिल्डेने जिभेने ओलं करून स्वतः चिकटवलं.

टपालाची पेटी दोन गल्ल्या पलीकडे. मी एकटीच गेले. वाटेत दोनदा थांबले. चुकली तर दुसरी मतपत्रिका मागता येते, हे मला नंतर कळलं — पण तेव्हा मी कुठे कुणाला विचारलं? पाकीट आत पडल्याचा आवाज आला. मी घरी येऊन भाकऱ्या थापल्या. भूक लागली होती, जेवले.

निकालाच्या रविवारी संध्याकाळी सहाला हिल्डेकडे रेडिओ लावून बसलो. आधी बाई पुढे, मग तो पुढे, मग बाई. हिल्डे हातातला रुमाल पिळत होती. आठच्या सुमाराला कळलं. थोडक्यात गेलं. चष्मेवाल्याचा पक्ष पुढे गेला, मिनिस्टरप्रेझिडेंट तोच होणार.

एका मताने ते झालं नाही. रेडिओवाले थोडक्यात म्हणत होते तरी त्या थोडक्यात हजारो माणसं होती. एका फुलीने कुणाचं राज्य जात नाही, हे चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. पण त्या मतांतलं एक मी हिल्डेच्या हातून काढून तिकडे टाकलं होतं, आणि ती माझ्या शेजारी बसून रडत होती. मी तिला पाणी दिलं.

मग ती म्हणाली, बिर्गिटला फोन लाव. बटणं तिला दिसत नव्हती, नंबर मीच लावून दिला.

"अभिनंदन," हिल्डे म्हणाली. "तुझा माणूस आला. पण माझ्या मतावर नाही आला, लक्षात ठेव. तुझ्या हातात कागद दिला असता तर माझंही मत त्याच्याच पोत्यात गेलं असतं."

फोनचा आवाज मोठा ठेवलेला असायचा. बिर्गिटचं मला सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, "मामा, तुला खरंच असं वाटतं? मी तुला फसवलं असतं?"

"वाटत नाही. मला ठाऊक आहे."

बिर्गिटने फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी ती आली. पण आधी आईची नाही, माझी बेल वाजवली. आत आली नाही, जिन्यातच उभी राहिली. डोळे सुजलेले. म्हणाली, "सुमन, एक विचारते, राग मानू नकोस. आईने सांगितलं तसंच भरलंस ना?"

पन्नाशी उलटलेली बाई, पण मला दिसत होती ती दोन वेण्यांची बिर्गिट, माझ्या हातची गूळपोळी खायला येणारी. तिला नुसतं एक वाक्य हवं होतं. ते वाक्य माझ्याकडे होतं.

"या," मी म्हटलं. "गेनाऊ." हो, अगदी तसंच.

तिने माझे दोन्ही हात धरले. "माफ कर. आई इतकी ठासून बोलली ना, की मला काय काय वाटायला लागलं. तुझ्याबद्दलसुद्धा. लाज वाटते मला." मी म्हटलं, असू दे. माझी माफी मागितली तिने — आणि मी ती घेतली. ठेवून घेतली.

मग ती समोरच्या दारात गेली. दहा मिनिटांत बाहेर आली. कोट काढलाच नव्हता. जिना उतरताना तिने वर बघितलं नाही.

त्यानंतर ती आली नाही. उन्हाळा गेला, पानं गळली. दोन शनिवारांचे चार, चारांचे आठ झाले. हिल्डेचं सगळं माझ्याकडे आलं. पत्रं मी वाचायची, औषधं मी मोजायची, दवाखान्यात मी न्यायची. ती सगळ्यांना सांगायची, डॉक्टरला, टपाल आणणाऱ्याला, जिन्यात भेटेल त्याला, की झुमान म्हणजे माझे डोळे. ह्या बाईने मला एकदाही फसवलं नाही. मी बाजूला पिशवी धरून उभी असायची.

नाताळात बिर्गिटचं कार्ड आलं. तेही मीच वाचून दाखवलं. शब्दन् शब्द, खरं तेच वाचलं. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी कुठल्या तोंडाने म्हणू, पण तसंच वाचलं. तिने लिहिलं होतं, "मामा, मी तुझा कागद तुझ्या मनासारखाच भरला असता. तो माणूस मला नकोसा असता आणि तू त्याला दे म्हणाली असतीस, तरी दिलं असतं. एवढं तू मला ओळखायला हवं होतंस."

हिल्डे म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.

ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग तिने मला विचारलं. सगळ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. म्हणाली, "झुमान, तुला काय वाटतं? मी पोरीवर अन्याय केला का?"

बघा आता. जे मला हवं होतं, ज्याच्यासाठी मी पेन एक ओळ खाली नेलं, ते माझ्यासमोर आलं होतं. मला काय वाटतं, हे कुणीतरी विचारत होतं. आणि माझ्याकडे उत्तर होतं. हो, केलास. तुझं मत चोरलं ते मी. बिर्गिटने नसतं चोरलं. फोन लावू का? नंबर मला पाठ होता.

मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं."

तिने मान हलवली. म्हणाली, कार्ड खणात ठेव. मी ठेवलं. खण लावला.

फुली केली ती सकाळ मी कितीदा आठवली आहे, पण ती आठवूनही मला झोप लागते. ते कार्ड आठवलं की लागत नाही. फुली करताना मला राग तरी होता. त्या दिवशी काय होतं? नुसती भीती. हिल्डे मला दारातून घालवील, बिर्गिट थुंकेल, बाजारात लोक बोलतील, त्या सहीसाठी कुणी कोर्टाचा कागद घेऊन येईल, माझी भीती एवढीच. म्हातारी बाई आणि तिची एकुलती एक मुलगी ह्यांच्यामध्ये मी तेवढ्यासाठी उभी राहिले.

फेब्रुवारीत हिल्डेला झटका आला. बोलणं गेलं. बिर्गिटला मी कळवलं, ती मिळेल त्या गाडीने निघाली, पण पोचली तेव्हा हिल्डे गेलेली होती. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तिने मला विचारलं, शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली का? मी म्हटलं, तुझं कार्ड दोनदा वाचून घेतलं. ते खरं होतं. तेवढंच खरं सांगितलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

त्यानंतर बिर्गिट आईसाठी यायची तशी माझ्याकडे यायला लागली. महिन्यातून दोन शनिवार. नितीन म्युनिकला, त्याला सवड नाही. नागरिकत्वाचा अर्ज तिनेच भरला. माझ्या डोक्यात नव्हतं. ती म्हणाली, इतकी वर्षं तू माझ्या आईसाठी बाहेर बसलीस, आता तुझं स्वतःचं मत असलं पाहिजे. एकेक कागद तिने गोळा केला, रांगेत माझ्या शेजारी बसली, आणि जुना पासपोर्ट परत करायच्या दिवशी मला बरं वाटावं म्हणून बाहेर जेवायला घेऊन गेली. अर्ज भरताना मला प्रत्येक ओळ विचारायची. हे असंच लिहू ना, सुमन? मी सांगेन तेच लिहायची. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

आणि पाच वर्षांनी पुन्हा तीच निवडणूक आली. चष्मेवाला आता खुर्चीवर, त्याच्यासमोर दुसरं कुणीतरी. बिर्गिट रविवारी सकाळीच आली. मी कोट घातला. शाळेपर्यंत गेलो तर ती म्हणाली, तू जा आत, मी इथे थांबते. आणि बाकावर बसली. माझ्या बाकावर.

मी आत गेले. कागद दिला, पडद्यामागे बसले. तुम्हाला वाटेल, ह्या खेपेला मी हिल्डेच्या पक्षाला मत दिलं असेल, फेड म्हणून. नाही दिलं. ज्याला द्यायचं होतं त्याला दिलं. तिचं मत परत करायला ती कुठे आहे? बाहेर आले, तर बिर्गिट उठून उभी राहिली आणि तिने फोटो काढला. तोच, फ्रिजवरचा.

घरी येऊन तिने पिशवीतून राइसफ्लाडन काढला. आमच्या भागातला गोड पदार्थ आहे, पावाच्या पोटात तांदळाची खीर घालून भाजल्यासारखा. हिल्डे दर मतदानानंतर तोच घ्यायची. बिर्गिटने दोन तुकडे कापले, मोठा माझ्या बशीत घातला आणि म्हणाली, "मामा आज असती तर खूश झाली असती. मी तेव्हा चिडले होते, पण एक बरं झालं. तिचं शेवटचं मत तरी तिला हवं तिथे पडलं. ते तुझ्यामुळे."

मी तो तुकडा खाल्ला. तिने अजून एक दिला, तोही खाल्ला.

तर तो शब्द — पहिलं. ते माझं पहिलं मत नव्हतं. दुसरं होतं.

बिर्गिट येत्या शनिवारी येणार आहे. मी बटाटेवडे करणार आहे, तिला आवडतात. ही वही टेबलावर अशीच असेल, मी काही लपवून ठेवणार नाही. हे सगळं मी मराठीत लिहिलंय. बिर्गिटला मराठी वाचता येत नाही. ते मला माहीत आहे.